पोचे काढायचा शनिवार

सकाळी साडेसहा

ह्यूस्टनजवळच्या कॅटी गावापलीकडची रेंज सातला उघडते आणि ऑगस्टात नऊनंतर तिथल्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. ह्यूस्टनचं ऊन टेक्सासचं, दमटपणा मुंबईचा. म्हणून निशाणेबाजीची सगळी हौस पहिल्या दोन तासांत उरकून घ्यायची. गाडीत रायफलीची पेटी, कानांवर लावायची आवरणं, चष्मा, पाणी आणि रंगाची एक रिकामी बादली. बरोबर येणारा नवा माणूस बादलीकडे बघून हमखास विचारतो, ही कशाला? पुंगळ्या गोळा करायला.

रायफल झाडली की दारू जळते, गोळी निघून जाते आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं आपण पेपरात वाचतो, तीच ही. काडतुसात एरवी सगळ्यात महाग जिन्नस हाच. ती साफ करून, मापात आणून तिच्यात नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवली की पुन्हा काडतूस तयार होतं. इथे याला रीलोडिंग म्हणतात आणि स्वतःच्या वापरापुरतं करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं परवाना लागत नाही. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा दिनक्रम वाचण्यापुरताच घ्यावा.

नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, 'म्हणजे स्वप्नील कुसाळेसारखं का?' तसं नाही. कोल्हापूरच्या कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२च्या रिमफायर काडतुसावर. या काडतुसाचा ठिणगी टाकणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. चापाबरोबर पिन त्या काठावर आपटते, काठ चेपतो आणि पुंगळी कायमची संपते. मी खेळतो .३०८ विंचेस्टर. यात प्रायमर बुडाच्या मधोमध, वेगळा, काढून नवा घालता येणारा असतो.

सव्वासात

लाल दिवा लागला की 'सीझ फायर'. सगळ्यांनी बोल्ट उघडे ठेवून टेबलापासून मागे सरकायचं. रायफलीला कोणी हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात बाकीचे लोक लक्ष्याचे कागद बदलून येतात, मी वाकून वेचत असतो. वेचायच्या त्या आपल्याच. दुसऱ्याच्या हव्या असतील तर विचारायचं, न विचारता उचलणाऱ्याला इथे फार लवकर ओळखतात.

माझी रायफल बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडा हातानं मागे ओढायचा. पुंगळी अलगद तळहातावर येते, तिला ओरखडासुद्धा नसतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांची एम-वन-ए अर्धस्वयंचलित. ती स्वतःच पुंगळी मागे खेचते आणि भिरकावते. बाहेर पडता पडता पुंगळी रायफलीच्याच अंगावर किंवा वरच्या दुर्बिणीच्या बैठकीवर आपटते, मग सिमेंटवर पडते आणि मग कोणाच्या तरी बुटाखाली येते. एवढं सगळं होऊन मार खाते ती तोंडाजवळची मान. त्याला कारण आहे. बुडाकडे पितळ जाड आणि कडक ठेवलेलं असतं, कारण दाब तिथे सोसायचा असतो. मानेजवळ मात्र त्याची जाडी जेमतेम ०.०१५ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. शिवाय मान कारखान्यातच मुद्दाम नरम केलेली. आपटणार ते सगळं तिथेच उमटतं.

टेक्सासमध्ये वडीलधाऱ्यांना 'सर' म्हणायची पद्धत अजून टिकून आहे.

"सर, पुंगळ्या ठेवणार आहात का?"

"ने, पोरा. माझ्या बोटांना आता प्रेसचा दांडा ओढवत नाही. पण तोंडं बघून घे त्यांची."

बघितली. निम्म्याअधिक तोंडांचा इंग्रजी डी झालेला.

साडेनऊ

गॅरेजात आल्यावर आधी चुंबक फिरवायचा. काही स्वस्त काडतुसांच्या पुंगळ्या पोलादी असतात, वरून पितळेचा मुलामा. चिकटली ती बाद. मग विजेरी धरून तोंडातून आत बघायचं. तळाला मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी, दोन बारकी भोकं असतील तर बर्डान. बॉक्सर हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि बर्डान अमेरिकन. पण अमेरिकेनं पद्धत उचलली इंग्रजाची आणि युरोपातल्या बहुतेक लष्करांनी अमेरिकनाची. बर्डान पुंगळी चुकून डायमध्ये, म्हणजे प्रेसवर बसवलेल्या, पुंगळीला मापात आणणाऱ्या साच्यात गेली की प्रायमर बाहेर ढकलणारी सुई मधल्या भरीव पितळेवर आपटून वाकते. म्हणून विजेरीला पर्याय नाही.

त्यानंतर बुडावरचे शिक्के. आजोबांच्या पुंगळ्या बहुतेक 'एलसी', म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावचा, १९४१ साली उभारलेला लेक सिटीचा लष्करी कारखाना. शेजारी वर्षाचे दोन आकडे आणि वर्तुळातली नाटोची फुली. या पुंगळ्यांच्या मानेभोवती निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. नवशिके त्याला डाग समजून घासत बसतात. तो तापवून नरम केल्याचा रंग आहे. साध्या बाजारातल्या पुंगळ्यांनाही तापवलेलं असतंच, फक्त विकताना बहुतेकांचा रंग घासून काढतात. लष्कर काढत नाही.

क्वचित 'ओएफव्ही' लिहिलेली पुंगळीही हाती येते. जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव! भारतीय लष्करी काडतुसं मध्यंतरी इथल्या बाजारात आली होती, त्यांतली ही. अशी पुंगळी मी भरत नाही आणि फेकतही नाही. ती खिडकीत राहते.

साडेदहा

भुसावळहून मामांचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे नऊ, जेवणं झालेली. मामा वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्यामुळे माझ्या बाकावरच्या वस्तूंकडे बघून त्यांना ओळख करून द्यावी लागत नाही. चेपलेल्या तोंडाची पुंगळी कॅमेऱ्यासमोर धरली.

"मामा, हे बघा."

"भाच्या, कारखान्यात असली आली तर सरळ भंगारात जाते. वितळवली की पुन्हा पितळच. तू किती वेळ घालवतोस एकेकीवर?"

"मजा येते."

"मग ठीक. पण ती चेपली तिथे कडक झाली असेल, तेवढं लक्षात ठेव."

मामांचं म्हणणं सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पट्टीतून चकती कापतात, चकतीची वाटी करतात आणि ती वाटी साच्यातून ओढून ओढून लांब करतात. हे पितळ वाकवलं, दाबलं, ताणलं की कडक होत जातं. म्हणून कारखान्यात दोन ओढींच्या मध्ये ते भट्टीत घालून नरम करतात, नाहीतर पुढच्या ओढीला फाटेल. आम्ही घरी करतो ते तेच, लहान प्रमाणावर. दर वेळी झाडली की मान फुगते, दर वेळी डायमध्ये घातली की आवळते. पोचा पडला की त्यात आणखी एक वाकवणं आणि पोचा काढला की आणखी एक.

अकरा

आजचं खरं काम हे. मागच्या आठवड्यातला ढीग धुऊन ठेवलेला आहे. आज आणलेला संध्याकाळी धुवायला जाईल.

पोचा काढणं म्हणजे पुंगळी डायमध्ये घालून दांडा ओढणं, असं पुष्कळांना वाटतं. डाय बाहेरून दाबते. पोचा आधीच आत गेलेला आहे. त्याला बाहेरून कितीही दाबलं तरी तो बाहेर कसा येणार? डायच्या मधून एक दांडी खाली येते, तिच्यावर ०.३०६ इंचांच्या आसपास जाडीची गुळगुळीत गोळी असते, एक्स्पांडर. मान आतून गोल होते ती या गोळीनं. पोचा निघतो तो नेहमी आतून. तांबटही हंड्याचा पोचा आत खरवई घालूनच काढतो आणि त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

किरकोळ पोचा, म्हणजे तोंड जरासं लंबगोल झालेलं, एक्स्पांडर स्वतःच निपटतो. त्यावर वेळ घालवू नये. प्रश्न आहे तो डीच्या आकाराच्या तोंडांचा. तशीच आत घातली तर दांडी खाली येते, तोंडाच्या आत वळलेल्या ओठावर टेकते आणि आपण दांडा ओढतच राहतो. प्रेसला अफाट जोर असतो; हाताला काही कळायच्या आत मानेखालचा उतरता खांदा दुमडतो. खांद्याची दुमड कशानं निघत नाही, पुंगळी गेली. कधी दांडीही वाकते, मग पुढच्या सगळ्या पुंगळ्यांच्या माना तिरक्या.

म्हणून आधी हातानं. माझ्याकडे निमुळता, टोकाला बोथट, आरशासारखा घासलेला पोलादी पंच आहे. बरेच जण लांब चोचीची पक्कड मिटवून तीच आत घालून फिरवतात. चालतं, पण पकडीचे दात आतून ओरखडे काढतात आणि त्या ओरखड्यांवरून पुढे गोळीचं अंग खरवडतं. पुंगळी डाव्या हाताच्या तीन बोटांत धरायची, बूड तळहाताला टेकवून. पंच सरळ आत न ढकलता डीच्या सपाट बाजूच्या एका कोपऱ्यातून सरकवायचा आणि मनगटानं फिरवत खाली न्यायचा. चावलेल्या स्ट्रॉसारखं तोंड आधी बटाट्याच्या आकाराचं होतं. तिथे थांबायचं. ते गोल दिसावं म्हणून हौसेनं पुढे ढकललं की तोंड कर्ण्यासारखं पसरतं आणि मग डायच्या काठाला अडकतं. हाताचं काम एवढंच: एक्स्पांडरला आत शिरायला वाट करून द्यायची. गोल करणं त्याच्यावर सोडायचं.

पितळ थोडं परत फिरतं, हे बोटांना कळतं. हवं तिथपर्यंत ढकललं तरी पंच काढल्यावर ओठ किंचित मागे येतो. नरम मानेला कमी, बरेचदा झाडलेल्या मानेला जास्त. ही परतफिरकीच सांगते की पितळ किती थकलंय. जी पुंगळी पंचाला सारखी उलट ढकलते ती मी बाजूच्या ताटलीत टाकतो. तिला तापवल्याशिवाय डाय दाखवायची नाही.

हातोडी अजिबात नाही. इथल्या काही लोकांना लाकडी गुटका घालून ठोकायची सवय आहे. ठोकलं की मान सरळ होते हे खरं, पण मान आणि खांदा यांच्या जोडावर काय झालं ते दिसत नाही.

आणि घडी. पोचा गोलसर असेल तर पितळ फक्त वाकलेलं असतं. बुटाखाली पूर्ण चपटी झालेली असेल, दोन कडा एकमेकींना टेकलेल्या असतील, तर ओठाच्या टोकाला पितळ दुमडलेलं असतं. उघडल्यावर तिथे बारीक उभी रेघ राहते. भिंगातून बघितल्यावर रेघेला खोली दिसली तर पुढचं सगळं काम वाया. आज सरळ केली, उद्या झाडली की तिथेच चीर जाणार. ती भंगारात. मामांचं इथे बरोबर.

शरीरावरचे पोचे वेगळे. काही जर्मन धाटणीच्या रायफली पुंगळीच्या अंगावर उभ्या रेघा उठवतात आणि बाजूला चांगला खड्डा पाडतात. उथळ खड्ड्याला मी हातही लावत नाही. .३०८ला चेंबरमधला दाब चौरस इंचाला ६२ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, ही अमेरिकी उद्योगाची ठरलेली कमाल मर्यादा. त्या दाबानं पितळ चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि खड्डा आपोआप नाहीसा होतो. त्याच्यासाठी अवजार शोधत बसणारे वेळ घालवतात. खोल, धारदार कडेचा खड्डा असेल तर मात्र तो आतली जागा कमी करतो, जागा कमी झाली की दाब वाढतो. तिथे मोह नको.

एक

जेवण. त्याआधी कोपरापर्यंत हात, साबणानं, दोनदा. जळलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं आणि पुंगळ्या ज्या चुऱ्यात घोळवून साफ करतो त्यातही ते उतरतं. गॅरेजात पाण्याची बाटलीही उघडी ठेवत नाही. घरातल्या सिंकमध्ये पुंगळ्या धुवायच्या नाहीत, हा नियम बायकोनं घातला आणि तो योग्यच आहे.

धुण्यावरून आठवलं. आई मागच्या खेपेला पितांबरी घेऊन आली होती, देवांच्या भांड्यांसाठी. "तुझं हे पितळ पण निघेल की लख्ख," म्हणाली. देवांची भांडी निघाली. पुंगळ्यांना मी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालून थरथरणाऱ्या भांड्यात दोन-तीन तास फिरवतो. ओलं धुणारे पाण्यात भांड्यांचा साबण आणि सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे आजीचं लिंबूच. अमोनियाची पॉलिश मात्र कोणी शहाणा वापरत नाही. ब्रासो त्यातलीच.

कारण भारतातलंच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजा पावसाळ्यात हालचाली कमी करत आणि काडतुसांचा साठा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. कोरडे दिवस आले की पेट्या उघडायच्या, तर पुष्कळ पुंगळ्यांना चिरा गेलेल्या, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या जागी. कोडं सुटायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, हे दोघं मिळून चिरा पाडतात. आमच्या सरळ केलेल्या मानेत असा ताण ठासून भरलेला असतो. तिला अमोनिया दाखवायचा नाही आणि ताणही फार दिवस तिच्यात ठेवायचा नाही.

दोन

गॅरेजचं शटर खाली, दिवा बंद, पंखा बंद. उकाडा विचारू नका. पण ज्योत हलता कामा नये आणि पितळेचा रंग उजेडात कळत नाही.

प्रोपेनची छोटी शेगडी. पुंगळी एका खोल खोबणीत बुडाकडून बसवून हळू फिरवायची, ज्योत मान आणि खांद्यावर. काही सेकंदांत मानेवर निळसर झाक चढते आणि खांद्याकडे उतरू लागते. अंधारात ओठाला अगदी अंधूक लाली आली की बाहेर. लालभडक म्हणजे जळली, मग ती मान गोळी धरायच्या लायकीची राहत नाही. काही जण मानेच्या आत तापमानाचा रंग लावतात, ७५० अंश फॅरनहाइटला वितळणारा. नव्या माणसानं तो लावावा. न्यूझीलंडची एक कंपनी विजेच्या कॉइलनं हे काम करणारं यंत्र बनवते, ते फार नेमकं आहे आणि त्याची किंमतही तशीच.

बूड थंडच राहिलं पाहिजे. बूड नरम झालं तर ६२ हजार पौंडांचा दाब सोसणारं काही उरत नाही, आणि ती पुंगळी नेमबाजाच्या चेहऱ्यासमोर फुटते. म्हणून भट्टीत, ओव्हनमध्ये, सगळी पुंगळी एकदम तापवायची कल्पना कोणी सुचवली तर त्याच्या गॅरेजात जाऊ नये.

तापलेली पुंगळी पाण्याच्या भांड्यात टाकली की चुर्र आवाज येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आता कडक झाली. ते पोलादाचं. पितळ पाण्यात विझवलं काय, हवेत ठेवलं काय, नरमच राहतं. पाणी फक्त बुडाकडे जाणारी उष्णता अडवायला आणि हात भाजू नये म्हणून.

सकाळी पंचाला उलट ढकलणाऱ्या ताटलीतल्या पुंगळ्या यानंतर पुन्हा घेतल्या. आता पंच आत गेला की ओठ तिथेच थांबतो.

चार

प्रेस. प्रत्येक पुंगळीच्या अंगाला बोटानं मेण, अगदी पातळ. मेण नसेल तर पुंगळी डायमध्ये अडकते, दांडा ओढला की बुडाचा काठ उपटून येतो आणि मग भोक पाडून, आटे घालून ती बाहेर काढायची. मेण जास्त झालं तर वेगळीच गंमत. ते खांद्यापाशी साठतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि द्रव दबत नाही म्हणून तेच पितळेला आत ढकलतं. डायमधून पुंगळी येते ती खांद्यावर नवा खड्डा घेऊन. पोचे काढायला बसलेल्या माणसानं पोचे पाडावेत असं हे. तो खड्डा झाडल्यावर निघतो, पण दिसायला लाज वाटते.

मानेच्या आत मेण नाही, ग्रॅफाइटची भुकटी, छोट्या ब्रशनं. कोरडी मान असेल तर एक्स्पांडर वर येताना चिरकतो आणि मानेला ताणून घेऊन येतो. खांदा पुढे सरकतो, मघाचं सगळं नीट केलेलं बिघडतं. चिरकलं की थांबायचं.

डायमधून बाहेर आलेली मान गोल असते. पोचा होता तिथे मंद सावलीसारखी एक जागा दिसते, बोटाला लागत नाही. आतलं माप सगळीकडे ०.३०६; ०.३०८ची गोळी यात दोन हजारांश इंचांच्या आवळणुकीनं बसेल. शंभर यार्डांवर या पुंगळीत आणि कधीच न चेपलेल्या पुंगळीत मला फरक दिसत नाही. हजार यार्डांवर खेळणाऱ्यांना दिसत असेल. ते तसंही फिनलंडच्या लापुआचं कोरं पितळ घेतात. सामन्याच्या पेटीत मीही या घालत नाही. त्यांची पेटी वेगळी, सरावाची.

साडेपाच

लेक आली. धुतलेल्या, मेण पुसलेल्या पुंगळ्यांना हात लावायची तिला परवानगी आहे, हातमोजे घालून. तिचे डोळे चौदा वर्षांचे, माझ्या भिंगापेक्षा बरे.

"बाबा, याला रेघ आहे."

"कुठे गं?"

"ओठाला नाही. खाली, बुडाच्या जरा वर. चमकतेय."

हीच बघायची असते. पुंगळी वारंवार ताणली गेली की बुडाच्या किंचित वर पितळ आतून पातळ होतं आणि बाहेर उजळ वेढा दिसतो. कागदाच्या क्लिपची तार सरळ करून टोकाला काटकोनात वाकवायची, आत घालायची आणि भिंतीवरून खालून वर ओढायची. तार एके जागी अडखळली.

"तू ओढून बघ."

"हो, खाच आहे."

मान सुंदर गोल होती त्या पुंगळीची. ताटलीत गेली.

बाकीच्या लांबीला कापायच्या. .३०८ची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच, आम्ही २.००५वर आणतो. लांब राहिली तर तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात घुसतं, गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. सरळ केलेल्या तोंडांची कड कधीच काटकोनात नसते. ट्रिमरवर धरली की पातं आधी एकाच बाजूला लागतं, ओठावर अर्धा उजळ वेढा दिसतो, बाकी अर्धा काळाच. वेढा पूर्ण होईपर्यंत फिरवायचं. लेक ते मन लावून करते. मग आतून-बाहेरून बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली कुसं, काढायची, नाहीतर गोळी बसवताना तिचं तांब्याचं आवरण सोललं जातं.

लेक सिटीच्या पुंगळ्यांना आणखी एक काम असतं: लष्करी प्रायमर जागेवरून हलू नये म्हणून तो बसतो त्या खळगीचा काठ दाबून ठेवलेला असतो, तो कातरून काढावा लागतो. ते कंटाळवाणं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साडेसात

प्रायमर आणि दारू आज नाही. ते काम सकाळी, ताज्या डोक्यानं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका वेळी एकच दारू बाकावर काढून आणि दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकातलं वजन समोर उघडं ठेवून. पितळ दुरुस्त करताना रमलेला माणूस दमलेला असतो, त्याला ते स्वतःला कळत नाही.

पुंगळ्या पेट्यांत गेल्या. झाकणावर शिक्का, कितव्यांदा झाडली, कधी तापवली हे पेन्सिलीनं लिहिलं. दुसऱ्यांच्या टेबलांवरून आणलेल्या पुंगळ्या आधी कितीदा झाडल्या ते माहीत नाही, म्हणून त्यांच्या पेटीवर 'वेचलेल्या' एवढंच, आणि दारू त्यात कमीत कमी वजनाची जाणार. भंगाराच्या ताटलीतल्या सगळ्या पकडीनं मानेपाशी आणि अंगापाशी चपट्या केल्या. न चेपता टाकल्या तर पुढच्या महिन्यात त्याच ढिगातून पुन्हा बाकावर येतात, किंवा भंगारातून दुसऱ्या कोणाच्या बाकावर जातात.

आज आणलेली बादली अक्रोडाच्या चुऱ्यात ओतून यंत्र सुरू केलं. हात धुतले.

रेंजवरचं पितळ वेचून आणणाऱ्यांना एवढंच सांगणं: चेपलेल्या तोंडाला घाबरून चांगली पुंगळी टाकू नका, पण तोंडाकडे वळण्याआधी वाकवलेली तार घेऊन बूड तपासा, आणि खाच लागली तर मान कितीही चांगली असो, ती पुंगळी चेपूनच भंगारात टाका.